हुतुतूतला राम

खेळानं पोरं नापास होतात म्हणता? मग आमच्या वर्गातल्या धसईच्या गोविंदाची गोष्ट ऐका. मुरबाडच्या हायस्कुलात हुतुतूत पहिला, संस्कृतात शेवटचा. शेवटी मास्तरांनी फर्मावलं, "चढाई करताना हुतुतू नाही म्हणायचं, 'रामः रामौ रामाः' म्हणायचं. चुकलास की बाद!"

दिवाळीपर्यंत गड्याला सगळी रूपं तोंडपाठ.

मग तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले. म्हणाले, "राम चालव." गोविंदानं दम धरला, रूपं म्हणत थेट साहेबांच्या खुर्चीपर्यंत गेला, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि धूम पळत बाकावर परत!

मास्तर पुढं धावत म्हणाले, "साहेब, ह्याला वर्गाबाहेर काढू?"

साहेब स्वतःच उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. "त्याला कशाला? बाद तर मी झालोय."