आईचा मासा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. आई गेल्यापासून माळ्यावर पडून असलेला तिचा कॉम्प्युटर त्यांनी आणला होता. दुकानदाराने तो कसाबसा सुरू केला आणि पडद्यावर एक मासा पोहू लागला.

“अय्या दादा, आईचा मासा! बघ, कल्ले अजून हलतात.”

“आणि खाली त्या तीन पट्ट्या. लाल, हिरवी, निळी. सरकवल्या की माशाचा रंग बदलतो. मुलांच्या सीडीसाठी केला होता तिने.”

“मी त्याला जांभळा करायचे.”

“करायचीस, आणि पडद्यावर बोटांचे ठसे उमटवायचीस. पुसायचो मी.”

“ताई, सगळं नव्या मशीनवर उतरवून देतो,” दुकानदार म्हणाला. “पण यात एक बिघाड आहे. तिन्ही पट्ट्या एकदम शून्यावर जात नाहीत, थोड्या आधीच अडतात. प्रोग्रॅममधली एक ओळ काढली की झालं.”

“काढा की. नीट चालू दे.”

“थांबा हो, ती ओळ काढू नका.”

“का रे दादा?”

“तिन्ही शून्यावर गेल्या की मासा काळाठिक्कर पडायचा. तू तीन वर्षांची होतीस. मासा मेला म्हणून भोकाड पसरलंस, काही केल्या जेवेनास. मग आईने बसून ती ओळ घातली.”

“मला कधी बोलली नाही ती.”

“त्यात बोलायचं काय? तू जेवलीस.”