पाठवणीची चाल

हर्सूलच्या बसथांब्यावर दोन शाळकरी मुली भामाबाईच्या नवऱ्याबद्दलच बोलत होत्या. मागं त्याची बायको उभी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"सर म्हणले होते, वादकाच्या आयुष्यातून त्याची चाल कशी घडली ते विचारा. पुंडलिककाकांनी तर लई सांगितलं!"

"व्हय ना! जिच्यावर जीव होता, तिच्याच पाठवणीला बँडमधी क्लॅरोनेट वाजवायचं. वैजापुरात."

"तिथंच ती चाल सुचली म्हणले. अजून वाजवताना तीच डोळ्यांपुढं येते."

"रडले पण गं."

भामाबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. 'ही चाल तुझ्यासाठी बांधली,' असं तो तिला लग्नापासून सांगत आला होता.

"पोरींनो, दिसायला कशी होती ती?"

"लई देखणी, मावशी. गुडघ्यापर्यंत केस होते म्हणे. तुम्ही ओळखता का काकांना?"

"वाजवताना ऐकलंय. नाव काय तिचं?"

"सांगितलं, पण लिहू नका म्हणले. बायकोला माहीत नाय."

"खुशाल लिहा," भामाबाई म्हणाली. "तिला आत्ताच कळलंय."