सावित्रीबाईंचा केसपेपर

अध्यक्षस्थानी बसलेले आदरणीय नंदलालजी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर ओमेश कटरेसाहेब, सौ. प्रेमिलाताई आणि साहेबांच्या खुर्चीत एकदा तरी आ वासून बसलेल्या माझ्या अर्जुनीकर बंधू-भगिनींनो!

मी जागेश्वर, बसस्टँडजवळचा बियाणेवाला. साहेब दवाखाना बंद करून मुलाकडे रायपूरला चालले. चांगलं बोल, असं संयोजकांनी मला बजावलं आहे. चांगलंच बोलतो. माझ्या मायची, सावित्रीबाईची, कवळी यांनीच बसवली. "आता चणे फोडा," असं गमतीने म्हणाले, तर माय बाजारातून खरंच चणे घेऊन आली!

पण साहेब, दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याकडचे जुने केसपेपर रद्दीत जायचे. आधारकार्डाची झेरॉक्स टाचलेली तशीच. कोणाला काही वाटलं का? आठवडी बाजारात भजी खाता खाता पुड्याच्या कागदावर अध्यक्षमहाराजांच्या किडक्या दाढा आपण वाचल्या आणि पोट धरून हसलो.

त्याच रद्दीतून कोणीतरी मायची झेरॉक्स काढून घेतली. शहरातल्या एका इस्पितळात मायच्या नावावर दुसरीच बाई सरकारी योजनेत भरती झाली आणि तिथेच वारली. तिच्यावर माझा राग नाही, तीही कोणाची माय असेल. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. मायच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा योजनेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ये तो मर चुकी है."

माय म्हणाली, "काऊन जी? मी जित्ती उभी आहो ना तुमच्यासमोर!"

पदरचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता. मी कार्यालयांचे उंबरठे झिजवले. पोलिसांनी त्या इस्पितळातली झेरॉक्स काढली, तर तिच्यावर शिक्का तुमच्या दवाखान्याचा. साहेब, मान खाली घालू नका. तुम्ही दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवून माझ्यासोबत आलात. "मेलेल्या बाईची दाढ दुखत होती, असं त्या इस्पितळाच्याच कागदावर आहे. या बाईचे सगळे दात मी त्याआधीच स्वतः काढलेत," असं अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितलंत. मायने कवळी काढून बोळकं दाखवलं. सुनेसमोरही तोंडावर पदर धरून कवळी धुणारी माझी माय, भर कार्यालयात!

मायचं योजनेचं कार्ड पुन्हा सुरू झालं. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या तारखेआधीच माय गेली.

तुमच्यावर रागवावं की तुमच्या पाया पडावं, मला अजून कळत नाही, साहेब. रडू मात्र येतं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत अजून पोतीभर केसपेपर पडले आहेत. रद्दीवाला सकाळीच विचारून गेला. अध्यक्षमहाराज, एकच विनंती आहे. शाल-श्रीफळ झालं की साहेबांनी एकेकाचं नाव पुकारून ज्याचा कागद त्याच्या हातात द्यावा. मायचा जुना कागद रद्दीत गेला, पण कवळीच्या वेळचा त्यातच असेल.

आनंदाच्या कार्यक्रमात मी डोळ्यांत पाणी आणलं, कमी-जास्त बोललो, ते आपल्या घरचा समजून पोटात घाला. एवढं ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. आणि साहेब, मायचं नाव आलं की जरा मोठ्याने पुकारा.

'हो जी' मी म्हणेन.