चालती झाली म्हणून

मालन : नाय डाक्तर, आज पाठ दाखवायला नाय आले. तुम्ही मला शिकवलंत, त्याचा जाब विचारायला आले.

डॉक्टर : जाब कसला? दिवाळीत तुला डोलीतून आणलं होतं. आज आपल्या पायांनी आलीस.

मालन : तेच मुळावर आलं माझ्या.

डॉक्टर : दुखणं वाढलंय का?

मालन : हाय तेवढंच हाय. परवाच्या साली गवताच्या भाऱ्यासकट डोंगरावरच्या सड्यावरून घसरले, तवापासनं त्यानं मला सोडलं नाय. तेल झालं, डाग देऊन झाले, नवस झाला. मग तुम्ही म्हणालात, हे जायचं नाय, ह्याच्यासंगं राहायला शीक. अफूची गोळी सोड. दिवसभर निजू नको. थोडं चाल, दुखणं चढायच्या आधी टेक, मग परत ऊठ. सगळं केलं मी.

डॉक्टर : आणि जमलं तुला. फार थोड्यांना जमतं, मालन.

मालन : जमलं, तर घरात म्हणाले, बघा, सोंग होतं! निजून होते तवा जाऊ हातात पेज आणून द्यायची. आता पाणी माझ्यावर, दळण माझ्यावर. मधे टेकले की सासू नि जाऊ लागल्याच बोलायला, काल विहिरीवर गेलीस ती कशी?

डॉक्टर : मधे टेकायलाच हवं तुला. ते औषधच आहे.

मालन : बाटलीतलं असतं तर त्यांना दिसलं असतं.

डॉक्टर : नवऱ्याला, लवूला का नाही सांगत?

मालन : ते गिरणीत, मुंबईला. शिमग्याला आले, मला चालताना बघून हसले. म्हणाले, आता आईला जरा आराम दे.

डॉक्टर : सासू आलीय ना बरोबर? भागीरथीबाई, जरा आत या.

(भागीरथी दाराची चौकट धरून आत येते.)

डॉक्टर : बसा.

भागीरथी : उभी बरी हाय मी.

डॉक्टर : हिची पाठ खरंच दुखते. चालते म्हणजे बरी झाली असं नाही. दुखणं सांभाळायला शिकलीय ती. मधे टेकली तर बोलू नका तिला.

भागीरथी : दुखतं ते मला ठाऊक हाय.

मालन : आत्याबाय! साऱ्या वाडीसमोर सोंग म्हणालात!

भागीरथी : म्हणाले. लवूच्या वेळेला माझी कंबर गेली. वाकले की डोळ्यांपुढं काळोख येतो अजून. त्याच कमरेनं लावणी केली, तुम्हा सुनांची बाळंतपणं केली. जरा टेक म्हणून कोण नाय बोललं मला. मग ही निवांत टेकलेली दिसली की डोकं फिरतं माझं.

डॉक्टर : कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

भागीरथी : हिच्या डोलीमागनं मी चालतच आलेली. तुम्ही विचारलंत?

डॉक्टर : नाही विचारलं. चुकलंच माझं. पण अजूनही शिकता येईल. हिला शिकवलं तसंच तुम्हाला...

भागीरथी : आणि दोघी टेकलो तर पाणी कोण भरील?

मालन : मला तरी सांगायचं होतंत, आत्याबाय.

भागीरथी : तुला सांगितलं असतं, तर तुला बोलले कशी असते? चल, ऊन चढतंय.