न दुखणारा गुडघा

जगन: हात लावून बघ. सूज हाय? नाय. दुखतंय? नाय. मंग हॉस्पिटलात कशाला जायाचा?

मनस्वी: दुखत नाही म्हणूनच जायचंय, पप्पा.

जगन: ऐकलास, चंद्रावती? दुखला तरी डॉक्टर, नाय दुखला तरी डॉक्टर. तुझी पोरगी लय शिकली.

चंद्रावती: बाय, मंडपात बायका जमल्यान. धवलारीन लगनाची गानी धरून बसलीय. केतनची, तुझ्या भावाची हलद हाय, आज नको. उद्या बघू.

मनस्वी: आई, त्यांची बोटं धर. गार आहेत ना? कपाळावर घाम आणि बोटं गार. श्वास बघ कसा चाललाय. सकाळपासून लघवीला तरी गेलेत का?

जगन: बापाला काय पन विचारते.

मनस्वी: नाक्यावरच्या डॉक्टरने गुडघ्यात इंजेक्शन दिलं, त्यानंतर काय झालं?

जगन: फुगला. आग आग झाली. परत गेलो तं त्यानं गोळ्या दिल्या, नि सूज पसार. मी दोन-दोन खाल्ल्या.

चंद्रावती: दोन-दोन? मना एक सांगितलात.

जगन: नाचायचा हाय ना. मिठागरात गेलेला गुडघा, आख्खा गाव मना लंगडा जगन म्हनतो. पोराच्या हलदीला तरी नको म्हनायला.

मनस्वी: पप्पा, मी लॅबमध्ये काय करते, माहितेय ना?

जगन: उंदरा पाळतेस. सगल्या पाव्हन्यांना सांगून झालाय.

मनस्वी: त्या उंदरांच्या सांध्यात आम्ही जंतू सोडतो. मग अंगातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. जंतूंशी भांडतात, आणि त्या भांडणात गुडघाच सुजतो, खराब होतो. म्हणून काही उंदरांना आम्ही त्या पेशी गप्प करायचं औषध दिलं. जंतू मारायचं नाही, नुसतं तेवढंच.

चंद्रावती: मंग बरे झाले?

मनस्वी: गुडघे छान झाले. पिंजऱ्यात मस्त पळत होते. आम्हीही खूश झालो. पण जंतूंना अडवायला कोणी उरलंच नव्हतं. ते रक्तात गेले. पळणारे उंदीर मेले, आई. ज्यांना औषध दिलं नव्हतं, त्यातले पुष्कळ जगले. पाय ओढत, पण जगले.

जगन: मी उंदीर हाय?

मनस्वी: त्या सुईने तुमच्या गुडघ्यात जंतू गेलेत, आणि तुमच्या गोळ्या तेच काम करतात. गुडघा बरा नाही झाला, त्याची बोंब बंद झालीय.

चंद्रावती: पन बाय, देवक बसलंय. आपल्यात देवक बसला का लग्न लागंपर्यंत आईबापानं उंबरा वलांडायचा नाय. लोकांचा सोर, पन पोराच्या संसाराला काय झाला तं?

जगन: तेच सांगतो मी. हलद होऊ दे, लग्न होऊ दे. मंग तू म्हनशील थय येतो.

मनस्वी: तोवर तुम्ही राहणार नाही. मला भीती वाटतेय, पप्पा. मी हे रोज बघते.

जगन: पुरे. भरल्या घरात असा बोलू नये. साळू, पानी दे जरा.

(बाहेर बेंजो सुरू होतो.)

मनस्वी: पप्पा, मी कोण?

जगन: साळू, खेळ नको. घसा सुकलाय.

चंद्रावती: अवो, तुमची भैन साळूबाय जाऊन किती वरसा झाली. ही मनस्वी हाय. आपली पोरगी.

जगन: ...तेच म्हनलो मी.

मनस्वी: आई, जंतू रक्तात गेले की असंच होतं. माणूस भलतंच बोलतो.

चंद्रावती: गाडी काढायला सांग.

जगन: अगो, देवक...

चंद्रावती: देवकाजवल मी बसते. देवाला रागवायचा असंल तं माझ्यावर रागवू दे. गोल्यांची पाकिटा घे, बाय, डॉक्टरला दाखव. उठा तुमी.

जगन: पाय... पाय ठरत नाय.

मनस्वी: माझ्या खांद्यावर हात टाका. मागच्या दाराने जाऊ, कोणी बघणार नाही.

जगन: तो पाय ओढनारा उंदीर. जगला म्हनतेस?

मनस्वी: जगला.

जगन: मंग मागच्या दारानं नको. मंडपातून चल. केतनच्या गालाला हलदीचा बोट लावतो नि जाऊ.

मनस्वी: सगळे बघतील, पप्पा.

जगन: बघू दे. लंगडा जगन चाललाय.