शेवग्याच्या खुणेचं घर

...अन् वर बायको मलाच म्हणते, “तुम्हीच या की जाऊन, तुम्हाला एकट्याला बरं वाटतंय.” आता तुम्हीच सांगा, पाच माणसांची गाडी, नाताळच्या सुट्ट्या, त्यात यंदा येळवस बरोबर सुट्टीत आलेली... तुम्हाला सांगतो, आमच्या लातूरकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, दिवाळीच्या वर, अख्खं गाव त्या दिवशी शेतात जेवतं, भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली अंबिल, बाजरीचे उंडे, अन् माणूस कुठं बी नोकरीला असो, येळवसला तो गावाकडं पाहिजे म्हणजे पाहिजे. मागच्या साली मी गेलो न्हाई. ऑफिसात काम होतं. काय काम होतं ते विचारू नका, वहीत आहे, अन् वाचून माझी मलाच लाज वाटते.

म्हणून यंदा ठरवलं, सगळ्यांनी जायचं. माझा आजा, मलप्पा, ब्याण्णव वर्षांचा, किल्लारीला एकटा राहतो. नांदेडला चल म्हटलं की म्हणतो, “तिसऱ्या मजल्यावर? अन् हाललं तर पळू कुठून?” ज्यानं एका पहाटेत गाव गेलेलं बघितलं त्याला तुम्ही काय समजावणार? तर म्हटलं, आपणच जाऊ. तोवर पोराचा क्लास निघाला, पोरीची मैत्रीण आजारी पडली, अन् वर्षाराणीच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, बहिणीकडं डोहाळजेवण. मी बोलत न्हाई, मी लिहितो. अठ्ठावीस वर्षं झाली, रोज एक पान, कुणी शिकवलं न्हाई, स्वतःच रकाने आखतो. निघाल्याची वेळ, पाच चाळीस. गाडीत माणसं, एक. वहीत आहे.

आता एकशे एक्याण्णव किलोमीटर एकट्या माणसानं करायचं काय? मोबाईलमधली ती रस्ता सांगणारी बाई, तेवढीच काय ती माझ्याशी बोलणारी, अन् ती बी लोहा सोडल्यावर म्हणाली, ‘पुढे पन्नास किलोमीटर सरळ जा,’ अन् गप्प झाली. अहमदपूरच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी आली, डबल ट्रॉली, तिच्या मागं मी गोगलगाय, वर बसलेला गडी माझ्याकडं बघून ऊस खातोय, मी त्याच्याकडं बघून माफी पाठ करतोय. हाव, माफी. आज्याला काय सांगायचं ते. लोह्यापासून औशापर्यंत तीन वेळा बदलली. पहिलीत ऑफिसवर ढकललं होतं, दुसरीत गाडीवर, अन् शेवटी म्हटलं, खरं तेच बोलू.

किल्लारीत शिरलो अन् वही उघडली. का? तर भूकंपानंतरचं नवं गाव, सगळी घरं एका साच्यातली, तीच भिंत, तेच दार, माणसानं ओळखायचं कशावरून? म्हणून मी खूण लिहून ठेवलेली, पाचवी गल्ली, दारात शेवगा. वहीत आहे! पाचवी गल्ली मोजली, शेवगा दिसला, शेवग्याखाली उन्हात म्हातारा बसलेला, कानटोपी, वर मफलर, वर घोंगडी... डिसेंबरात आमच्याकडं म्हाताऱ्याचं नाक तेवढं दिसतं, बाकी सगळं अंदाजानं. मी पाया पडलो. त्यानं मनगट धरलं ते सोडायलाच तयार न्हाई.

“आलास?”

“आलो, आबा.”

झालं, माझा बांध फुटला. सगळी माफी ओतली. आबा, चुकलं, मागच्या साली यायला पाहिजे होतं, काम बीम काही न्हवतं, कंटाळा केला. म्हातारा ऐकत होता, पाठीवरून हात फिरवत होता. म्हणाला, “आलास न्हाई का आता? झालं तर.” इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... अन् मग तो विचारतो, “पुण्याला थंडी कशी हाय?”

मी पुण्यात कधी राहिलो न्हाई हो.

तोवर त्याचा हात माझ्या डोक्यावर. चाचपतोय, परत चाचपतोय. “शिवम, केस कुठं गेले रे? तिकडचं पाणीच खराब.” म्हणजे हा चंद्रप्पा, आमच्या आज्यापासून दोन घरं सोडून राहणारा, डोळ्यांनी अधू, अन् शिवम त्याचा पुण्यातला नातू. आता सांगायचं कसं? मनगट त्याच्या हातात, माफी सगळी संपलेली. म्हटलं, गाडीतून सामान आणतो, अन् निसटलो.

माझा आजा दोन दारं सोडून बसला होता. त्याचा शेवगा वाऱ्यानं पडला म्हणे भादव्यात. मला बघून म्हणाला, “तिकडं अर्धा तास काय करून राहिलास?” त्याचे डोळे आता चांगले, मोतीबिंदू काढलाय. मी सगळं सांगितलं, मला वाटलं हसंल. हसला न्हाई. मफलर सोडून परत बांधला, अन् मग हळू सांगितलं. मागच्या येळवसला चंद्रप्पाचा शिवम असाच चुकून आमच्या आज्याच्या दारात येऊन बसला, तवा शेवगा दोन्हीकडं होता. एका जिपेतून उतरायचं अन् परतीची जीप धरायची, मधी पोराला तासभर वेळ. आज्याच्या नाकापलीकडं त्याला काही दिसलं न्हाई, अन् मोतीबिंदूपायी आज्याला तर त्याचं नाक बी दिसलं न्हाई.

“पर आवाजावरून कळलं मला,” आजा म्हणाला. “कळलं, अन् मी गप बसलो. माझ्या ताटात जेवला, गेला. चंद्रप्पा तिकडं दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडं बघत हुता.”

“मग सांगितलं का त्याला?”

“कोणत्या तोंडानं?”

मग उठला, काठी घेतली, म्हणाला, “त्याला बी गाडीत घे. आजचा दिस शिवमच ऱ्हा.”

आता आज्याचं मोडायचं कसं? दोघांना गाडीत घातलं. दोघं मागं बसले, हातात हात घेऊन, सबंध वाट बैलांच्या गोष्टी. पुढची सीट रिकामी ती रिकामीच. शेतात पूजा झाली, भज्जी वाढली, अन् चंद्रप्पा येईल जाईल त्याला सांगतोय, आमचा शिवम आलाय, स्वतःची गाडी घेऊन आलाय. मी मान हलवतोय, तोंडात उंडा. मग त्याच्या काय मनात आलं, शेजारी वळून म्हणाला, “मलप्पा, तुझं कुणी आलं न्हाई व्हय रे यंदा?”

माझा आजा माझ्याकडं बघत होता. मग अंबिलीचा गडवा उचलला.

“न्हाई रे,” म्हणाला. “यंदा बी न्हाई आलं कुणी.”

घरी आल्यावर वर्षाराणीनं विचारलं, “भेटले का आजोबा?” हाव म्हटलं. मग वही घेऊन बसलो. तारीख, येळवस, जाऊन-येऊन तीनशे ब्याऐंशी किलोमीटर. पुढचा रकाना, ‘आज्याची भेट’. आता हाव लिहावं तर खुद्द आजाच चारचौघांत सांगून बसलाय, कुणी आलं न्हाई. अन् ब्याण्णव वर्षांच्या माणसाला खोटं पाडणारा मी कोण? कोरा ठेवलाय रकाना. मागच्या साली कोरा, यंदा बी कोरा. बघायचं तर बघा... वहीत आहे.