मोकळ्या गावाला नर्स नाही

(फ्लोरेस बेटावरचं एक डोंगरगाव. दुपार. बोने अंगणात लाकडाच्या ओंडक्यावर पटाशी चालवतोय. युस्तिना नुकतीच फाटकातून आत आली आहे.)

बोने : चोर आहेत ते वर बसलेले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. आमची नर्स चोरून नेली त्यांनी.

युस्तिना : बदली झाली तिची, बोनेदादा.

बोने : उद्या शेजाऱ्याचं डुक्कर आणून माझ्या दारात बांधतो. म्हणेन, बदली झाली त्याची.

युस्तिना : पटाशी खाली ठेव आधी. काय चाललंय ते दिसतंय मला.

बोने : दिसतंय तर बरं. नेलिसच्या पायासाठी खोडा करतोय. जुन्या मापाचं भोक आता पुरणार नाही. सिस्टर गौदेन्सियाच्या सुईनं माझ्या भावाच्या पोटऱ्या भरल्यात.

युस्तिना : नेलिस कुठाय?

बोने : आत. मका सोलतोय. हळू बोलू नकोस, त्याला सगळं ऐकू येतं. नसलेलंही येतं.

नेलिस : ये युस्तिनाताई. कॉफी उकळलीय. साखर दादानं लपवलीय, ती सोडून सगळं आहे.

युस्तिना : राहू दे कॉफी. बाहेर ये. कसा आहेस?

नेलिस : ते परत आलेत. छपरावर बसतात. अजून कुजबुजतायत. सुई अंगातून पार उतरली की मग मोठ्यानं बोलतील.

बोने : काल कोयता घेऊन रेनेल्दाच्या मागे धावला. माझ्या बायकोच्या. पोर कडेवर होती तिच्या.

नेलिस : वहिनीच्या मागे नाही. तिच्या मागे जो होता, त्याच्या मागे.

बोने : तिच्या मागे कोणी नव्हतं, नेलिस.

नेलिस : आज माहीत आहे. काल नव्हतं.

बोने : ऐकलंस? पोरीला घेऊन ती माहेरी गेली. संध्याकाळची जपमाळ संपली की तिचे भाऊ येणार. याचा पाय खोड्यात दिसला नाही तर ते याला दोरानं बांधून नेतील. मागच्या रानात नेऊन ठेवतील, डुकरांच्या खोपटात. त्यापेक्षा माझ्या अंगणात बरा.

युस्तिना : औषध आहे, दादा. खाली आरोग्यकेंद्राच्या कपाटात आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

बोने : मग घेऊन ये आणि टोच.

युस्तिना : मी?

बोने : तू. अंगावर सरकारचा टी-शर्ट आहे की तुझ्या.

युस्तिना : टी-शर्टच आहे. पगारही नाही. बाळांची वजनं करायला शिकवलंय मला, आणि हात धुवा म्हणून सांगायला. सुई भलत्या जागी गेली तर पाय लुळा पडतो.

बोने : बरं झालं. मग खोडा नको.

युस्तिना : असले विनोद नकोत, दादा.

बोने : मग डॉक्टर काय करतो तिथला?

युस्तिना : नवीन पोरगा आहे. म्हणतो, हा आजार मी शिकलेलो नाही, माझ्या सहीनं काही झालं तर कोण निस्तरणार? बाकीच्या नर्सही तेच म्हणतात. ते शिकलेली एक गौदेन्सियाच होती.

बोने : म्हणजे औषध आहे. टोचायला हात नाही.

युस्तिना : तिला पलीकडच्या जिल्ह्यात पाठवलं. तिथं अजून माणसं खोड्यात आहेत. आपलं गाव मोकळं झालं ना.

बोने : झालं ना! वेशीवरची ‘खोडामुक्त गाव’ची पाटी कुणी रोवली? मी. मोठा साहेब आला, माझं डुक्कर कापलं, भोंग्यावर मला बोलायला लावलं. मी पण गाढव. छाती काढून म्हणालो, आमच्या गावात आता एकही माणूस बांधलेला नाही. खोटं बोललो असतो, एखादा लपवलाय म्हणालो असतो, तर नर्स राहिली असती.

युस्तिना : असं कसं बोलतोस?

बोने : खरं बोललो म्हणून तर हे झालं. आता ऐक. हे भोक झालं की याचा पाय आत घालतो. तू फोटो काढ आणि वर पाठव. बांधलेला माणूस दिसला की नर्स येते. मोकळ्या माणसासाठी कुणी डोंगर चढत नाही.

युस्तिना : भावाचा पाय अडकवून नर्स ओढणार तू?

बोने : गळाला काहीतरी लावावंच लागतं.

युस्तिना : आणि नाही आली तर? मागच्या वेळी तू म्हणाला होतास, चार दिवस. तुझी पोरगी जन्मली, चालायला लागली, यालाच काका म्हणून भाकरी भरवायला लागली, तरी हा आतच.

बोने : कडा घासतोय मी. बघ. हात फिरव. मागच्या वेळी घोटा कुजला होता त्याचा. या वेळी नाही कुजणार.

युस्तिना : दादा.

बोने : काय दादा? दुसरं काय येतं मला? लाकूड येतं.

युस्तिना : थांब. फोन लावते वर. त्या साहेबाचा नंबर आहे माझ्याकडे. रेंज कुठं येते तुमच्याकडे?

नेलिस : अंगणाच्या कडेला, आईच्या थडग्यावर. चप्पल काढून चढ.

युस्तिना : हॅलो… साहेब, मी युस्तिना, डोंगरातल्या गावची आरोग्य-स्वयंसेविका. हो, पाटीवालं गाव. नेलिसची, म्हणजे कोर्नेलिसची, सुई चुकलीय, साहेब. नाही, पोलीस नकोत. कोयता होता, पण कुणाला लागला नाही. नर्स हवीय, साहेब. गौदेन्सियाला एक दिवस तरी पाठवा, नाहीतर डॉक्टरला कुणी शिकवा… काय म्हणालात? थांबा हं.

बोने : काय म्हणतो?

युस्तिना : काही नाही.

बोने : फोनवर हात का धरलास? काय म्हणतो तो?

युस्तिना : विचारतायत, रुग्ण सध्या बांधलेला आहे का. बांधलेला असेल तर तातडीचं म्हणून या आठवड्यात नर्स पाठवतील. मोकळा असेल तर… पुढच्या वर्षी बघू म्हणतायत.

बोने : मी काय म्हटलं होतं?

युस्तिना : मी काय सांगू त्यांना? बोने, मी काय सांगू?

नेलिस : ताई, फोन दे इकडे.

बोने : तू गप बस, नेलिस.

नेलिस : दादा, सरक जरा, आईच्या डोक्याकडं उभा आहेस. हां. हॅलो, साहेब. मी कोर्नेलिस. हो, रुग्ण. आत्ता शुद्धीत आहे, म्हणून आत्ताच बोलतो. तुम्ही आमच्याकडे आला होतात. खोडा कापायला करवत तुम्हीच माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, हळू काप, फोटो नीट आला पाहिजे. मी हळू कापलं होतं, साहेब. आता दादानं नवा केलाय. माप बरोबर आहे, मी पाहिलं. एवढंच विचारायचंय, नर्स यायला माझा पाय आत पाहिजे की बाहेर? नाही, ताईंकडे नाही देत फोन. पाय माझा आहे. मला सांगा.